काकींचं पहिलं विमान

रवि., ८ फेब्रु.
उद्या शांताकाकी पहिल्यांदा विमानात बसणार, तेही स्वतःच्या लेकाच्या. गुंजी गावात आमच्या दोन घरांत एकच भिंत. त्यांचा महेशअण्णा पायलट झाला तेव्हा गावानं त्याला फेटा बांधला. मला बेळगावच्या विमानतळावर काउंटरची नोकरी लागली तीही त्यानंच मुलाखतीचं इंग्रजी घोटून घेतलं म्हणून. आज त्याचा मुक्काम बेळगावात, पण आमचे पायलटसाहेब गावी गेलेत, सत्काराला. मघाशी काकींचा फोन. "आत चपला काढून बसायचं व्हय गं?" हसून पुरेवाट. खिडकीची जागा दिलीय त्यांना.

सोम., ९ फेब्रु.

काकींना जागेवर बसवून परत आले, तर अण्णा जिन्याजवळ उभा. लवंग चघळत होता, तरी दारूचा वास लपेना. डोळे तांबारलेले. उड्डाणाआधी दारूची चाचणी घेणाऱ्या संतोषनं त्याला नळीत फुंकायलाच लावलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणे, "आपलाच माणूस, त्याला काय फुंकायला लावायचं?" काय हे शहाणपण!
अण्णाला बाजूला घेतलं. "बरं न्हाय म्हणून सांग. दुसरा पायलट बोलावतील. कुणाला कळायचं न्हाय."
"व्हय गं, मॅनेजरकडंच चाललोय. आईच्यान!"
मी विश्वास ठेवला. काउंटरवर येऊन काचेतून बघते तर हा टोपी घालून थेट विमानाकडं. आई आत बसलेली आणि तिचीच शपथ!
धावत मॅनेजरकडं गेले. विमान थांबवलं. अण्णाला सगळ्यांसमोर फुंकायला लावलं, मग पुन्हा एकदा. दोन्ही वेळा दारू निघाली. माणसं उतरवली. काकी लाडवांचा डबा पोटाशी धरून उतरल्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मंगळ., १० फेब्रु.
मॅनेजर म्हणाले, "वास आला की लगेच मला सांगायचं. त्याला समजवायला कशाला गेलीस?" बरोबर आहे त्यांचं. पण बाकीच्यांचं काय? मी कँटीनमध्ये गेले की बोलणं बंद. संतोष तर ओळखही देत नाही.
संध्याकाळी घरून आप्पांचा फोन. सख्खा बाप म्हणतो, "या मुलखात आपला एक पोरगा वर गेलता. त्याला खाली ओढायला तूच घावलीस व्हय?"
आणि आत बसलेली माणसं कुणाची होती, आप्पा? फोन ठेवला आणि इथं लिहिते.

गुरु., १२ फेब्रु.
अण्णानं कंपनीला लिहून दिलंय. म्हणे संतोषच्या चाचणीत दारू निघाली नाही, त्यानंतर सुजातानं, म्हणजे मी, खोकल्याचं औषध पाजलं, ती दारू त्या औषधातली. संतोष साक्षीदार. स्वतःची कातडी वाचवतोय, दुसरं काय. मॅनेजरनं हे वाचून दाखवलं आणि चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. शनिवारी चौकशी. औषधाचं खरं ठरलं तर माझी नोकरी गेली.
ज्यानं मला चार लोकांत तोंड उघडायला शिकवलं, त्यानंच हे करावं? दारू प्यायला तेव्हा राग आला होता. आज आतून काहीतरी तुटलं. जेवले नाही.

शुक्र., १३ फेब्रु.
संध्याकाळी बेळगावातल्या शहापूरच्या माझ्या खोलीवर दार वाजलं. काकी! खानापूरहून बस बदलून एकट्या आलेल्या. हातात तोच डबा. चहा ठेवला, घेतला नाही.
"त्या दिवशी लई वास येत हुता व्हय गं?"
"येत होता, काकी."
डब्याचं झाकण दाबत बसल्या. मग म्हणाल्या, "लवंगा मीच दिलत्या. दोस्तांसंगट पीत बसलता, पहाट झाली. म्हटलं, हे तोंडात धर नि जा."
मी विचारलं, "कळत होतं तर विमानात बसलात कशा?"
"एवढ्या हौसेनं लेकानं तिकीट काढलतं. न्हाय कसं म्हणू?"
रागच आला. ओरडले त्यांच्यावर. माझ्यावर औषधाचं घातलंय, माझी नोकरी जाईल, लवंगांचं उद्या तिथं सांगाल का? रडूही आलं.
"लेक हाय गं माझा," एवढंच म्हणाल्या. पण बसस्टँडवर परत गेल्या नाहीत. माझ्याच खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपल्यात.

शनि., १४ फेब्रु.
ऑफिसबाहेरच्या बाकावर लिहितेय. काकी सकाळी माझ्याआधीच तयार झाल्या. विमानात नेसलेलीच साडी. रिक्षात माझा हात धरून बसल्या होत्या. दारात अण्णा उभा. "आई, तू हितं कशाला?" काकींनी माझा हात सोडला आणि त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.
पायलटची आई आलीय कळताच चौकशीच्या साहेबांनी आधी त्यांनाच आत बोलावलं. जाताना लाडवांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. "धर हे तवर."
अण्णा समोरच्या बाकावर बसलाय. आम्ही दोघंही त्या दाराकडं बघतोय.