जोडा आमच्याकडून

चौक मंडई, जुने नाशिक
१९ जानेवारी २०२५

चि. शाहिस्ता हिस अम्मीची दुवा, आणि मिस्बाच्या दोन्ही गालांचा पापा. वि. वि.

इकडे सर्व ठीक. कानातलं मशीन परत शिट्ट्या मारायला लागलंय. फोनवर तुझं एक वाक्य तीनदा ऐकायचं आणि तरी भलतंच समजायचं, त्यापेक्षा पत्र बरं. शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवतेस, तर सासूलाही उत्तर लिही.

तारीख पक्की झाली. रमजानच्या आधी, तेवीस फेब्रुवारी, रविवार. तुझ्या भावाने, रहमतने, नाशकातल्याच वडाळ्यात हॉल बघितला. निकाह तिथल्याच मशिदीत वाचतील. सासूच सुनेचं लग्न लावते म्हणून अर्धी चौक मंडई मला शहाणी म्हणते आणि अर्धी वेडी. म्हणू देत. माझा इर्शाद जाऊन चार वर्षं होतील. जुबेरचं स्थळ मी शोधलं, मीच पारखलं, आणि मिस्बाला तो लेकीसारखी सांभाळेल हेही मीच त्याच्याकडून वदवून घेतलं.

आता जोड्याचं. नवरीचा जोडा नवऱ्याकडून यायचा ही आपली रीत. पण मनमाडहून जुबेरच्या अम्मीचा निरोप आला की मुलीचा दुसरा निकाह आहे, पिस्ता रंगाचा साधा ड्रेस पाठवतो, तेवढा पुरे. मी उलटा निरोप धाडला की तुम्ही तसदी घेऊ नका, जोडा आमच्याकडून.

काल शेजारच्या अंजलीला घेऊन मेन रोडला गेले. तिने आधी पांढरा उचलला. त्यांच्या चर्चमध्ये नवरी पांढऱ्यातच असते आणि किती शोभते, म्हणाली. मी म्हटलं की तुमच्यात शोभते गं, पण हिने चार वर्षं पांढरं आणि राखाडीच घातलंय. मग दुकानदाराने लाल काढला. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, काठाला जर्दोजी, ओढणी इतकी जड की अंजली म्हणाली, ही घेऊन नवरी पळूनसुद्धा जाऊ शकणार नाही. चाळीस वर्षं मी बायकांच्या हातात बांगड्या भरल्या. कुठला रंग कुणाला खुलतो ते मला कळतं. तू फक्त हो म्हण.

माझ्या दुवेत आहेसच.
तुझी अम्मी

नांदगाव
२५ जानेवारी २०२५

ति. अम्मींना शाहिस्ताचा सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. मिस्बाचा पुढचा दात पडला आणि ती तो डबीत घालून वर्गभर दाखवत फिरली. आमच्या मुख्याध्यापकांनी, भिमाजी सरांनी, तो गंभीरपणे हातात घेऊन तपासला आणि चांगला आहे, जपून ठेव, म्हणाले. तेव्हापासून बाईसाहेब जमिनीवर नाहीत.

अम्मी, लाल नको. पिस्ता रंग मला चालेल. साधा असला तरी चालेल.

तुम्ही कारण विचाराल, म्हणून आधीच लिहिते. तोंडावर मला कधी बोलता आलं नसतं. इर्शाद गेल्यानंतरच्या दुसऱ्या ईदला मी मरून रंगाची ओढणी घेतली होती. शीरखुर्म्याचं पातेलं उतरवताना तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि विचारलंत की आता कुणाला दाखवायचंय. तेवढंच. परत तुम्ही तो विषय काढला नाहीत आणि मी ती ओढणी कपाटातून काढली नाही. नंतर नांदगावला बदली मिळाली, इथे मला बघणारं कुणी नव्हतं, तरी दुकानात माझा हात राखाडीकडेच जायचा. आता तुमच्याच हातून लाल घ्यायचा, तर अंगावर चढणार नाही.

राग मानू नये. मानलात तरी लोभ कमी करू नये.
तुमची शाहिस्ता

चौक मंडई
३१ जानेवारी २०२५

चि. शाहिस्ता,

तुझं पत्र अंजलीकडून वाचून घेणार होते, चष्मा दुरुस्तीला दिला होता. बरं झालं, थांबले.

ती ईद मला आठवते. तुला वाटलं असेल म्हातारी बोलून विसरली. मी शीरखुर्मा खाल्ला नव्हता त्या दिवशी, तुझ्या लक्षात आलं नाही.

विधवेने पाळायची इद्दत चार महिने दहा दिवसांची. ती संपली तेव्हा अल्लाहने तुला मोकळं केलं होतं. मी केलं नाही. तू काही रंगीत घातलंस की मला वाटायचं, माझा मुलगा मातीत आहे आणि हिला रंग सुचतात. तू राखाडीत वावरायचीस तेव्हा बरं वाटायचं, की माझ्याशिवाय आणखी कुणाला तरी तो आठवतोय. हे कुठल्या तोंडाने सांगू? सत्तावीस वर्षांची होतीस तू.

म्हणून लाल. कौतुकासाठी नाही. मी जे तुझ्या अंगावरून उतरवलं ते मीच परत घालायला पाहिजे. तू पिस्ता रंगात गेलीस तर लोक म्हणतील, विधवेला उजवली. माझ्या घरातून नवरी गेली पाहिजे.

तरी नको असेल तर नको. मग दुकानदाराला ठेवायला सांगितलेला जोडा मी सोडून देईन. माफ कर असं लिहीत नाही, कारण मग तुला करावं लागेल.

तुझी अम्मी

नांदगाव
५ फेब्रुवारी २०२५

ति. अम्मींना सलाम.

तुमचं पत्र मी मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढचा तास पोरांना चित्रं काढायला लावली.

लाल घ्या. ओढणी जड आहे तीच घ्या. अट एकच. हॉलवर ती मला तुम्ही घालायची, दुसऱ्या कुणाचा हात नको.

तुमचीच,
शाहिस्ता

चौक मंडई
१० फेब्रुवारी २०२५

चि. शाहिस्ता हिस खूप खूप दुवा. वि. वि.

जोडा घेतला! कुर्ता शिंप्याकडे दिला. तुझं माप मला पाठ आहे, त्याने टेप काढायच्या आधी मीच आकडे सांगितले. अंजली आणि मी येताना रसवंतीत बसलो आणि तिने मला बर्फ घालू दिला नाही, माझी सासू असल्यासारखी.

हॉलवर यायचं मात्र जमेलसं दिसत नाही. गुडघे फार धरलेत. वडाळ्याच्या त्या हॉलला म्हणे वीस पायऱ्या आहेत. अंजलीची साक्षी पार्लरचं शिकली आहे, ती तुला छान तयार करेल. फोटो नंतर बघेन. मनाला लावून घेऊ नकोस, वय झालं की असंच. मिस्बाचा शरारा वेगळ्या पिशवीत ठेवला आहे.

सगळ्यांना सलाम सांग, माझी काळजी करू नकोस.
अम्मी

नांदगाव
१४ फेब्रुवारी २०२५

ति. अम्मींना सलाम. वि. वि.

मी रहमतला विचारलं की हॉल कितव्या मजल्यावर आहे. तळमजल्यावर आहे. एक पायरी आहे, अम्मी. मग त्याला बाकीचंही सांगावं लागलं.

जुबेरच्या अम्मीने अट घातली की पहिल्या घरचं माणूस निकाहच्या जागी नको, नव्या संसारावर सावली पडते. तुम्ही म्हणालात की मी येत नाही, पण मग जोडा माझा. तुम्ही स्वतःचं येणं देऊन माझा लाल रंग घेतलात आणि मला गुडघे सांगितलेत. रहमतने हे महिनाभर लपवलं, त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

मी जुबेरना फोन केला. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. आईशी भांडतो म्हणाले, मी नको म्हटलं. नव्या घरात पहिलं पाऊल भांडणावर नको.

पण एक गोष्ट आहे. निकाह मशिदीत वाचणार आणि मशिदीत नवरी नसते. माझी कबुली विचारायला वकील म्हणून मामू येणार, सोबत दोन गवाह. मी जिथे बसेन तिथे त्यांना यावं लागतं. आणि मुलगी कुठे बसणार हे मुलीकडच्यांनी ठरवायचं असतं.

मी हॉलवर बसणार नाही. मी चौक मंडईत, तुमच्या खोलीत बसेन. तुम्ही कुणाच्या निकाहला जाऊ नका. वकील तुमच्या दारात येईल. मामू आणि रहमत तयार आहेत. शनिवारी संध्याकाळी मिस्बाला घेऊन पोचते.

नाही म्हणू नये.
शाहिस्ता

चौक मंडई
३ मार्च २०२५

चि. सौ. शाहिस्ता हिस अम्मीची दुवा. जुबेरमियांना सलाम, मिस्बाला गोड पापा. वि. वि.

आज दुसरा रोजा. मनमाडची हवा मानवली का? तिथून नांदगावच्या शाळेला गाडी वेळेवर मिळते का? जुबेरच्या अम्मीशी नीट वाग. ती वाईट बाई नाही. एकुलता मुलगा असला की आई घाबरट होते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

तू गेल्यावर आठ दिवस मी काही लिहिलं नाही. आज बसले आहे तर सगळं लिहिते.

मी जोडा तुझ्या अंगावर चढवला आणि कुर्ता खांद्यावरून घसरला. शिंप्याला सांगितलेलं माप पहिल्या निकाहच्या वेळचं होतं. माझ्या डोळ्यांत तू तेवढीच होतीस. तू किती उतरलीस, ते मला त्या दिवशी टाके घालताना कळलं. प्रत्येक टाक्याला वाटत होतं की हे मी केलंय. तू मात्र सुई टोचल्याचं नाटक करून मिस्बाला हसवत होतीस.

मग मामू आले, गवाह आले, दारात चपलांचा ढीग झाला. मामूंनी विचारलं, निकाह कबूल आहे का. तू गप्प. परत विचारलं, तू परत गप्प. बायकांना वाटलं लाजते आहे, कुणीतरी हसलंसुद्धा. ओढणी पुढे ओढलेली होती, त्यांना तुझे डोळे दिसत नव्हते. मला दिसत होते. तू मामूंकडे बघत नव्हतीस. माझ्याकडे बघत होतीस.

मला आधी कळलंच नाही तू कशाची वाट बघतेस. कळलं तेव्हा मान हलवायला किती वेळ लागला, अल्लाह जाणे. मामूंनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी ती हलवली आणि मग तू कबूल म्हणालीस.

तुम्ही सगळे गेल्यावर अंजली माझ्याशेजारी येऊन बसली. इर्शादला अॅम्ब्युलन्समध्ये चढवलं तेव्हा कोरोनामुळे मला गल्लीच्या तोंडाशीच थांबवलं होतं. त्याला नेऊ का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी, तुला नेताना, विचारलं गेलं. आणि हो म्हणणारी मीच होते.

सुखी राहा.
अम्मी