तिसऱ्या प्रकरणाचा शेवट

आर्वी, मंगळवार, दिवेलागण

प्रकाशकांना कादंबरी देईन असे कळवून बसले आहे, आणि आजवर कथेपलीकडे काही लिहिलेले नाही. ही भीती कोणाजवळ बोलावी?

आज तिसरे प्रकरण आईला वाचून दाखवले. ती उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. प्रकरणाच्या शेवटी नायिका सुमन सासर सोडून माहेरी येते आणि वडील काहीही न विचारता तिचे ताट वाढतात. त्या ताटावर मी मनातून फार खूश होते.

"चांगली झाली वं," आई म्हणाली. "संपली ना?"

"नाही आई, अजून बरीच आहे."

"आता काय राह्यलं? पोरगी घरी आली, जेवली. झोपू दे ना तिले."

हसले खरी, पण लगेच वही उघडली. आधीची दोन प्रकरणे पुन्हा चाळली. प्रत्येकाच्या शेवटी असेच काहीतरी वाढलेले ताट. म्हणजे मी कादंबरी नव्हे, तीन कथाच लिहिल्या? मग वाचकाने पुढचे पान का उलटावे?

शेवटचा परिच्छेद खोडला. ताट गेले, जीव हळहळला. आता वडील दारातच उभे राहून विचारतात, "एकटीच काऊन आली?" प्रकरण तिथेच थांबते.

तेवढेच आईला वाचून दाखवले. तिचे हात थांबले.

"मंग? काय सांगितलं तिनं?"

मलाच ठाऊक नाही. कथा लिहिताना असे कधी झाले नव्हते. "उद्या सांगते," असे मी खोटेच म्हणाले.