सभागृहात घेतलेलं नाव

प्रिय नोरीन,

मंगळवारी दुपारी तुझा फोन आला. आई गेली त्यानंतर सहा वर्षांनी तुझा आवाज ऐकला बघ, आणि ऐकला तोही एवढाच: "फिन्टन, भाषणात माझं नाव पुन्हा घेतलंस तर मला भाऊ नाही असं समजेन." तेव्हापासून बारा वेळा फोन लावला, तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. फाडायच्या आधी वाच, एवढं ऐक माझं.

इथे डब्लिनला काय चाललंय ते तुला ठाऊकच आहे. गर्भपाताला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सार्वमत घ्यायचं तर त्याचं विधेयक आधी संसदेत मंजूर व्हायला हवं. आम्हाला हा कायदा बदललेला नकोय, म्हणून ते सार्वमत मे महिन्यातून पुढे ढकलायचंय. बदल हवा असलेली कॉलेजची पोरं एकदा सुट्टीत पांगली की कोण येतंय मत द्यायला! तर आम्ही वेळ खातो. एकेका शब्दाला दुरुस्ती सुचवायची, अन् प्रत्येक दुरुस्तीवर मतदान मागायचं. दहा जण उभे राहिले की मतदान घ्यावंच लागतं, आणि आम्ही नेमके दहा. घंटा वाजतात, सगळे जेवणावरून उठून धावत येतात. परवा एक मंत्रीणबाई माझ्यावर खेकसल्या, "गिलहूली, तुमच्यापायी गरम सूप नशिबात नाही आमच्या!" आमची माणसं खो खो हसली, मीही हसलो. मग खोलीवर येऊन एकट्यानेच पाव आणि गार हॅम खाल्लं. गावच्या घरी तरी दुसरं काय आहे? आई होती तोवर निदान कुणी ओरडायला तरी होतं.

गेल्या गुरुवारी माझ्या वाट्याला चाळीस मिनिटं आली. मुद्दे वीस मिनिटांतच संपले. मागून आमच्या दहांतला मॅट कुजबुजला, "काहीही बोल रे, गाईंचं बोल, पण खाली बसू नकोस." मी गाईंचंही बोललो. मग आईचं. आणि मग तोंडातून निघून गेलं, की माझी बहीण नोरीन एकोणिसाव्या वर्षी नर्स व्हायला लिव्हरपूलला गेली, जन्मभर परक्यांची बाळं सांभाळली तिने, जिवाचं मोल तिला विचारा. सगळ्यांनी पाठ थोपटली. तुझा फोन आल्यावर नोंदी ठेवणाऱ्या बाईंकडे गेलो, तेवढी ओळ काढा म्हणून गयावया केली. त्या म्हणाल्या, "साहेब, इथे बोललेलं पुसता येत नाही."

नर्सिंगला तू गेलीस ती त्यानंतर दोन वर्षांनी. मला ठाऊक आहे. एकोणिसाव्या वर्षीच्या त्या पहिल्या खेपेला बंदरापर्यंत तुझी बॅग मीच उचलून आणली होती ना? काही वजनच नव्हतं तिला. शिकायला निघालेली मुलगी दोन दिवसांचे कपडे घेऊन जाते का कुठे? बसमध्ये तू तीनदा ओकलीस, आणि मी म्हणालो, "बस लागली वाटतं." तू माझ्याकडे पाहिलंस. विचारेन म्हणून वाट बघत होतीस. मी मात्र बोट सुटेपर्यंत गवत आणि पाऊस यांच्या गप्पा मारल्या. वेळ खायला मी संसदेत नाही शिकलो, नोरीन.

मला माहीत होतं गं, इथे बंदी म्हणून अडलेल्या पोरी बोटीने इंग्लंडला कशासाठी जातात ते. विचारलं असतं तर तुझ्याबरोबर बोटीत चढावं लागलं असतं, आणि तेवढी छाती माझी नव्हती. परक्या गावात तुला एकटीला जावं लागलं, आणि तुझा थोरला भाऊ घरी चहाला वेळेवर पोचला. पस्तीस वर्षं लाज वाटतेय मला. माझं मत बदललंय असं नाही म्हणत, ते खोटं होईल. पण उद्या घंटा वाजतील तेव्हा नऊच जण उभे राहतील. मॅट जन्मभर शिव्या घालेल, घालू दे. हे पत्र पोस्टात टाकत नाहीये. सकाळच्या बोटीने मीच लिव्हरपूलला घेऊन येतोय. दाराच्या फटीतून आत सरकवीन आणि पायरीवर बसेन. दार उघडलंस, तर त्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारीन. नाही उघडलंस, तरी बसून राहीन.

तुझाच, फार उशिरा निघालेला भाऊ,
फिन्टन