ब्लोअरच्या तोंडातली चिंधी

कसबा बावडा, कोल्हापूर
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९७३

मलकापूरला माहेरी गेलेल्या वैनीस गुंडूचा पाया पडून नमस्कार.

वैनी, आधी वाईट तेवढं सांगून टाकतो, म्हंजे फुडं लिवायला हात चालंल. खंडेनवमीला पाटावर पुजून ठेवलेला पाना मी उचलला. हळदकुंकू लावलेला, झेंडू वाहिलेला. त्या दिशी हत्याराला हात लावायचा न्हाय, हे मला शेंबडा असल्यापासनं ठावं हाय. तरी उचलला, काम केलं, पुसला आन् पुन्हा कुंकू लावून हुता तिथं ठिवला.

आता खुशाली. माई बरी हाय. तुमच्या बाळंतपणाच्या लाडवासाठी डिंक निवडाय बसलीया. शेजारच्या धोंडुबाईची कोंबडी आपल्या ग्यारेजच्या खुर्चीवर अंडी घालाय लागली. मी अंड्यांवर पेन्सिलीनं आकडं घातलं आन् धोंडुबाईला सांगितलं, सरकारी मोजणी चाललीया, शिक्का पडल्यालं अंडं खायचं न्हाय. दोन दिस खाल्लं न्हाय बिचारीनं. हसला का? हसून घ्या.

तर ती शिरोळच्या नृसिंहरावांची गाडी. तुमी गेला तवा नुस्ता सांगाडा हुता. जुनी अमेरिकन, लांबलचक. तिचं मूळ इंजिन काढून दादानं दुसरं बसवलं, ब्लोअरवालं. ब्लोअर म्हंजे पट्ट्यावर फिरणारा पंखाच, इंजिनात जादा हवा कोंबतो. जादा हवा, जादा ताकद. नृसिंहरावांची बोली अशी, की दसऱ्याला गाडी पन्हाळ्याचा चढ न दमता चढली पायजे. चढली तर पुण्याला त्यांच्या ट्रकांच्या ग्यारेजात दादा हेड मिस्त्री, ऱ्हायला दोन खोल्या. हे दादानं तुमाला कळवलंच आसंल.

घट बसलं त्या दिशी गाडी अशी पळाली की माझी टोपी उडून उसात गेली. दुसऱ्या दिशी मेली. चालू व्हायाची, पर पिकप न्हाय. आक्सिलेटर दाबला की नुस्ती कण्हायची.

मीच केलतं, वैनी. ब्लोअरकडं हवा नेणारा पायप हाय, त्येच्या वाकणात चिंधी कोंबली. तुमच्याच जुन्या हिरव्या लुगड्याची. गंमत म्हणून. एक दिस दादाला घुमवायचं आन् काढून दावायची, एवढंच.

दादानं प्लग काढलं. कार्बोरेटर धुतला, पेट्रोलचा पंप खोलला, ब्लोअरचा पट्टा ताणला. सायलेन्सर काढून फुकून बघितला. हवेचा फिल्टर बी झाडला, चिंधी तिथनं वीतभर आत हुती. मी शेजारी उभा ऱ्हाऊन मागंल तो पाना देत हुतो. चौथ्या दिशी मला ऱ्हावंना. दादा चा प्यायला गेला तवा तार घालून वढली. निम्मी आली. निम्मी तुटून ब्लोअरच्या तोंडाच्या जाळीला चिकटली. आता पायप खोलल्याबिगर निघायची न्हाय, आन् दादा गाडीपासनं हालंना. जेवण बी बॉनेटवर.

आकाराम टांगेवाला रोज येऊन इचारायचा, मिस्त्री, माझं घोडं लावू का फुडं? लोक हसायची. दादाची रीत तुमाला ठावं हाय, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आन् मूठ कानाला. आख्ख्या कोल्हापुरात त्या कानाचं नाव. सातव्या दिशी तो तसाच कितीतरी वेळ बसला आन् मला म्हणला,

"गुंड्या, खोट कुठं ऐकूच येत न्हाय. कान गेला व्हय रं माझा?"

मी न्हाय म्हणलो. एवढंच म्हणलो. त्याच वक्ताला बोलायचं हुतं, वैनी.

मग त्येनं नाइलाजानं टायमिंग फुडं वढलं, ठिणगी लौकर पडावी म्हणून. मेल्याल्या गाडीत जराशी धुगधुगी आली.

नवमीला दुपारी दादा आन् माई अंबाबाईला गेली. हत्यारं पाटावर, ग्यारेज बंद, गाडी एकटी. तेवढीच सवड. पाना घेतला, पायप खोलला, चिंधी काढली, पायप जोडला. दादानं टायमिंग हलवलंय हे डोस्क्यात आलंच न्हाय. शाळेत तसं ग्यारेजात, माझं ध्यान निम्मंच.

दसऱ्याला सकाळी दादानं पाय दिला आन् गाडी उधळली. दादाचं तोंड तुमी बघायला पायजे हुतं. माईला म्हणला, अंबाबाई पावली. मी म्हणलो, सुटलो.

पन्हाळ्याला नृसिंहराव चालवत हुतं, दादा शेजारी, मी मागं. चढ लागला आन् इंजिनातनं आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात खडं हलवल्यागत. तवा मला दादानं हलवल्यालं टायमिंग आठवलं. ठिणगी लौकर, आन् आता हवा पुरी. असंच दाबत न्हेलं तर पिस्टनला भोकच. दादाला ऐकू येत हुतं, वैनी. त्येची बोटं सीटवर आवळल्याली मी मागनं बघितली. पर तो बोलंना. आठ दिसांत स्वतःच्या कानावरचा इश्वासच उडाला हुता त्येचा.

मी वरडलो, थांबवा. दादाला कडेला न्हेऊन सगळं सांगितलं. चिंधी, नवमी, पाना. त्येनं हात उचलला न्हाय. नुस्तं इचारलं,

"म्हंजे कान शाबूत हाय माझा?"

"व्हय दादा."

त्येनं बॉनेट उघडून टायमिंग मागं घेतलं. आवाज गेला. नृसिंहरावांनी इचारलं, काय झालतं? दादा माझ्याकडं न बघता म्हणला, "चूक माझी, मालक. टायमिंग मी चुकवलं हुतं."

गाडी न दमता वर गेली. नृसिंहरावांनी तिच्याफुडं नारळ फोडला आन् म्हणलं, मिस्त्री, हात चांगला हाय तुमचा, पर टायमिंगची चूक हुडकायला आठ दिस लावणारा माणूस मला पुण्यात चालायचा न्हाय. मी तोंड उघडलं तर दादानं माझं मनगट धरलं. अजून ते काळंनिळं हाय.

नृसिंहराव गाडी घेऊन गेलं. आमी चालत खाली येताना दादा म्हणला, मला लोक चार दिस हसतील. तुझं कळलं तर कुठला मिस्त्री तुला बॉनेटला हात लावू दील?

वैनी, गंमत न्हवती ती. वर खोटं लिवलं. घट बसलं त्या राती पुण्याच्या दोन खोल्या सांगताना दादानं बोटं मोजली. मी, ही आन् बाळ. तिसऱ्या बोटावर थांबला. माई म्हणली, बरं झालं. मी बी म्हणलो, बरं झालं. आन् सकाळी उठून चिंधी कोंबली. चार दिस जातील, नृसिंहराव कटाळतील, तुमी सगळी हितंच ऱ्हाशिला. मला पायजे हुतं तेच झालं, आन् कालपासनं अन्न गिळंना.

दादा तुमाला लिवंल, पुणं त्येलाच नगं हुतं. तुमी ते खरं मानल्यागत करा. तुमी तिकडच्या संसाराला म्हणून पितळंचं डबं घेऊन ठेवल्यात, माई सांगत हुती. त्येचं काय करायचं मला ठावं न्हाय.

मला शिव्या द्या, पर कागदावर देऊ नका, तुमचं पत्र आधी दादाच फोडतो. हे पत्र चुलीत घाला. आन् कुणाला सांगू नका, वैनी. तुमच्या आईला न्हाय, माईला न्हाय, बाळ मोठं झालं तरी त्येला न्हाय. आन् मी तुमाला हे कळवलंय, ते दादाला तर कंदीच कळू देऊ नका. पाया पडतो.

तुमचा म्हणायला तोंड न्हाय, तरी तुमचाच
गुंडू