विक्रांतला दहापैकी शून्य

४ मे, सोमवार

भुताच्या मनगटावर घड्याळ! सोनेरी पट्ट्याचं! आज स्पष्ट दिसलं. आणि ह्याच भुताला घाबरून आम्ही बहिणी रात्री मोरीत जाताना एकमेकींचा हात धरायचो. हसून हसून प्लास्टरमधला पाय ठणकायला लागला.

नळ आला त्या दिवशी टाकीच्या पायरीवरून घसरले, तेव्हापासून मी आणि हा पलंग. हे सकाळीच वाळूजला कंपनीत जातात. जाताना टीव्हीवर यूट्यूब लावून देतात, त्यावर कुणीतरी जुन्या मालिका टाकल्यात. शेजारच्या भागूबाई दुपारी माझ्यासाठी भाकरी घेऊन येतात आणि बसतात त्याही बघत. वय सत्तरच्या वर, जीभ मात्र पंचविशीची. म्हणाल्या, "ह्या भुतापरीस माझा दीर जास्त भ्याव दाखवायचा."

मी एके काळी शिकवण्या घ्यायचे, गुण द्यायची खोड काही जात नाही. 'पडक्या विहिरीचा फेरा' — दहापैकी दोन. दोन्ही कुत्र्याला. तो बिचारा मनापासून भुंकला.

६ मे, बुधवार

'भाडेकरू नंबर चार'. सहा गुण. अजून हसू येतं. बायकांच्या जाडीवरचे विनोद तेवढे आता टोचतात.

७ मे, गुरुवार

सापडली! 'चंदनाची चौकट'!

नवीन लग्न झालं होतं तेव्हा लागायची ही. हडकोत आमच्या गल्लीत दोनच टीव्ही. सगळ्या बायका स्वयंपाक लवकर आटपून एका खोलीत कोंबून बसायच्या. त्यातला विक्रांत — काय तो नवरा! बायकोला फुलासारखा जपणारा. मेघना बाजारात जरी निघाली तरी हा मागं. आम्ही सगळ्या उसासे टाकायचो. आणि सासू? कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोळे वटारलेले, ती दिसली की शिव्या घालायच्या. सगळं वाईट सासू करायची, सगळं चांगलं नवरा.

आज विक्रांत म्हणाला, "मेघना, जगाची नजर वाईट आहे. तू नोकरी सोड. तू फक्त माझ्या नजरेसमोर राहा." मागं सतार. तेव्हा ह्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या.

आज वाटलं, हे मी अलीकडं कुठंतरी ऐकलंय. भाकरी खाताना आठवलं — दिवाळीला आमच्या मोनिकानं सोयगावची लॅबमधली नोकरी सोडली तेव्हा जावई सार्थकराव मला म्हणाले होते, "लोकांच्या नजरा चांगल्या नसतात हो आई. ती माझ्या डोळ्यांसमोर असली की मी निवांत." मी केवढी खूश झाले होते! गुण नंतर देते.

९ मे, शनिवार

मोनिकाला फोन केला. लग्नाला दीड वर्ष झालं, एकुलती एक लेक, आणि मी तिच्याशी दोघीच अशी शेवटचं कधी बोलले? आठवेना. फोन कायम स्पीकरवर असतो. "बरी आहेस ना?" विचारलं की आधी जरा थांबते, मग "हो आई, सगळं छान." मागून सार्थकरावांचा आवाज — "आईंना सांग ना, कूलर आणला." मग ती सांगते, "आई, कूलर आणला."

मऊ आवाज आहे त्यांचा. कधी चढलेला ऐकला नाही. त्याचीच मला आज भीती वाटली. का ते कळंना.

११ मे, सोमवार

आजच्या भागात विक्रांत गावाला निघाला. जाताना मेघनाला खोलीत ठेवून बाहेरून कडी. "तुझ्या काळजीपोटी." ती खिडकीतून हसत हात हलवते! आणि आम्ही तेव्हा हे बघितलं होतं, पदरानं डोळे पुसत!

भागूबाई उसळल्या. "बायकू हाय का कपाटातला दागिना? आन ही भवानी हसती काय!"

मला राहवेना. लगेच फोन लावला. मोनिकानं उचलला, पहिल्यांदाच स्पीकर नव्हता. सार्थकराव त्यांच्या खताच्या दुकानात गेले होते. सहज विचारल्यासारखं म्हटलं, "शेजारीपाजारी जातेस का गं?" तर म्हणते, "नाही आई, हे जाताना बाहेरून कुलूप लावून जातात. चोऱ्या वाढल्यात ना. मी आणि सासूबाई आतच असतो." आणि फोन ठेवून दिला. घाईनं.

चोऱ्या वाढल्या म्हणून माणसांना कोंडतात? पाय धड असता तर आत्ता एसटीत बसले असते.

१२ मे, मंगळवार

यांना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, "दिवसभर मालिका बघून तुझं डोकं फिरलंय, सुरेखा. जावई रोज फोन करून माझी तब्येत विचारतो. देवमाणूस आहे. बंद कर तो टीव्ही." आणि स्वतःच बंद केला.

खरंच डोकं फिरलं असेल का माझं? असू दे बाई, फिरलेलंच असू दे.

१४ मे, गुरुवार

टीव्ही लावलाच नाही. पुढच्या भागाची भीती वाटते.

१७ मे, रविवार

अधिक महिना लागला. मोनिकाच्या लग्नानंतरचा पहिलाच, म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण आलं. यांनी परस्पर सार्थकरावांना फोन करून पुढचा रविवार ठरवला. अनारसे विकत, पुरणाचे धोंडे भागूबाई करणार. जावई म्हणजे ह्या महिन्यात साक्षात नारायण! त्याला ओवाळायचं, त्याचे पाय धुवायचे, वावगं बोलायचं नाही. हे मला दोनदा बजावून झालं — "तोंडातून काही काढू नको त्या दिवशी."

मला एकच काळजी. मोनिका एकटी सापडेल का? पाच मिनिटं तरी?

१९ मे, मंगळवार

पुन्हा लावली. न लावून जीव थोडा थोडा होत होता.

मेघना पळून माहेरी येते. आई दारात उभी. जवळ घेते, रडते, आणि मग स्वतःच्या हातानं रिक्षात बसवून परत पाठवते! "लेकीचं सुख सासरच्या उंबऱ्याआड." ह्या भागाला आमची अख्खी खोली हमसून हमसून रडली होती. काय ती आई, म्हणून!

विक्रांतला काय गुण द्यायचे ते ठरलं — शून्य. पण त्या आईला काय देऊ? मी भागूबाईंना विचारलं, "मीबी असंच केलं तर?" त्या खाली बघून वाती वळत बसल्या.

२४ मे, रविवार

सगळं लिहिते.

अकराला आले. मोनिका वाळलीय. सार्थकराव वाकून पाया पडले, माझ्या प्लास्टरवरून हात फिरवून म्हणाले, "जपा हं आई." दोघांना पाटावर बसवलं. यांनी जावयाचे पाय धुतले, मी खुर्चीतूनच ओवाळलं.

जेवताना मोनिकाला विचारलं, "अजून एक धोंडा घे की." उत्तर सार्थकरावांनी दिलं. "नको, तिला गोड चालत नाही." अगं बाई! पुरण शिजताना पातेल्यातून चाटणारी माझी पोरगी! तिनं ताटात बघितलं आणि मान हलवली. "भात?" — "भातही कमीच खाते ती." हे कौतुकानं बघत होते, जावई किती लक्ष देतो म्हणून.

ती पाणी प्यायला उठली की तेही उठायचे. हात धुवायला गेली, मागं. दिवस असाच जाणार, आणि संध्याकाळी गाडी सुरू होणार!

तेवढ्यात भागूबाई म्हणाल्या, "चला, लेकीची वटी भरायची. बापय बाहीर." आणि मला खुर्चीसकट आत सरकवून जावयाच्या तोंडावर देवघराचं दार ओढून घेतलं. ते म्हणाले, "मी बसतो की इथंच कोपऱ्यात." भागूबाई आतून ओरडल्या, "वटीला बापय बघत नसत्यात, जावईबापू! शिकला न्हाय का एवढं?"

आत आम्ही तिघीच. खण, नारळ, तांदूळ तिच्या पदरात घालताना कानाशी लागून म्हटलं, "खरं सांग." पोरीचे हात बर्फ. इतकंच म्हणाली, "आई, मला थोडे दिवस ठेवून घे. काही विचारू नको." बाहेर त्यांच्या चपलांचा आवाज, दारापाशी.

आता काय करू? "राहू द्या तिला" म्हटलं तर ते हसून दहा कारणं देणार, हे त्यांचीच बाजू घेणार. आणि नंतर तिथं गेल्यावर तिचं काय होणार? त्या मालिकेतल्या आईची आठवण झाली.

भागूबाईंनी दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "जावईबापू, वटी भरली. आता लेक महिना सरेस्तोवर हितंच. पहिला धोंडा हाय ना? पहिल्या धोंड्याची वटी घेऊन लेकीनं महिन्यात उंबरा वलांडला, तर सासूच्या जिवाला जड जातंय. आमच्या दौलताबादला एकीनं ऐकलं नाय. सासू आठ दिसांत गेली!"

असली रीत मी जन्मात ऐकली नव्हती!

सार्थकराव हसले. "असं काही नसतं हो आजी." भागूबाई म्हणाल्या, "नसंल तर न्या की. आई तुमची हाय, माझं काय जातंय?" आता हेही बिचकले. "आईच्या जिवाचा प्रश्न आहे, सार्थकराव, विचारून तरी घ्या."

त्यांनी तिथंच वच्छलाबाईंना, त्यांच्या आईला, फोन लावला. स्पीकरवर. सवय! विचारलं, "आई, अशी काही रीत आहे का गं आपल्यात?" मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता संपलं.

"व्हय," वच्छलाबाई म्हणाल्या. "हाय तशी रीत. राहू दे तिला."

गाडी एकटीच गेली. जाताना सार्थकराव मोनिकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "फोन जवळ ठेव." म्हातारी जिवाला भ्याली आणि माझी पोरगी सुटली, त्या बाईचे उपकारच म्हणायचे! भागूबाईंना विचारलं, ही रीत कुठली? पान चघळत म्हणाल्या, "माझी."

२७ मे, बुधवार

फोन सकाळपासून वाजतोय. "व्हिडिओ कर. खोली दाखव. कोण आहे तिथं?" मोनिका फोन हातात धरून खोलीभर फिरवून दाखवते, कपाटामागंसुद्धा. आज हे घरी होते. आधी हसले, मग हसायचे थांबले.

५ जून, शुक्रवार

मोनिकानं आज धोंडे मागून खाल्ले, एक नाही, तीन. मग रडली. दुकानात कामाला असलेल्या माणसाशी एकदा बोलली म्हणून तिला दोन दिवस जेवायला दिलं नव्हतं. "मारलं नाही आई कधी," असं वर म्हणते! जसं काही त्याचे उपकार.

९ जून, मंगळवार

अधिक महिना सोमवारी संपतोय. हे रात्री कूस बदलत म्हणाले, "ठेवून घेऊ म्हणतेस, पण कशाच्या जोरावर? तो येऊन रडेल, पाया पडेल. चार लोक त्याचंच ऐकतील. सासूही सोबत आली तर दोघांपुढं आपण काय बोलायचं?" मलाही तेच दिसतंय. तो मऊ आवाज, आणि शेजारी ती कुंकवाची सासू. मोनिका म्हणते, "जाते मी. तमाशा नको पप्पांना." मालिकेचा शेवटचा भागही असाच. मेघना परत जाते, विक्रांत कुंकू लावतो, सतार. शून्य, शून्य, शून्य! पण मी गुण देऊन काय होणार?

१३ जून, शनिवार

अनोळखी नंबर. वच्छलाबाई. खिडकीतून मागून घेतलेल्या शेजारणीच्या फोनवरून, दबक्या आवाजात.

"विहीणबाई, आमच्यात असली रीत नाय. मी त्या दिवशी लेकाशी खोटं बोलले. सोमवारी तो आला तरी पोरीला धाडू नका. चार लोकांपुढं मला बोलवा, मी सांगीन सगळं, बाप बी असाच व्हता त्याचा."

मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "मला कुणी ठेवून घेतलं नव्हतं."