शेपटाकडच्या कविता

दांडी, रविवार, नोव्हेंबर १९८४

प्रधानसाहेब आज बोईसरला उतरून थेट घरी आले. लढाईत आमच्या बॉम्बर विमानात ते पुढे पायलट, आणि मी त्यांच्या पाठीला पाठ करून शेपटाकडे बंदूक धरून. ब्रह्मदेशावर उडताना भीती वाटू नये म्हणून मी शाळेतल्या कविता चालीवर म्हणायचो. इंटरकॉमवर त्यांना सगळं ऐकू जायचं, पण गप्प बस असं कधी म्हणाले नाहीत. इतकी वर्षं समजत आलो, माणूस रसिक आहे.

आज पापलेट खाता खाता विचारलंच, साहेब, कोणती कविता आवडायची?

"शब्द कोण ऐकत होतं रे? तुझं चालू आहे म्हणजे मागे शत्रू नाही. थांबलास की मी विमान वळवायचो."

म्हणजे एकही कडवं नाही? मग त्या चाली कुणासाठी?

साहेब गेल्यावर हिला सांगितलं. भांडी आवरता आवरता म्हणाली, "त्यात काय? ओटीवरच्या तुमच्या कविता मी पन तशाच ऐकते. आवाज थांबला की बघाया येते, म्हातारा हाय का गेला."

आता ओटीवर मुद्दाम गप्प बसून हे लिहितोय. दोनदा दारात येऊन गेली.