चव्वेचाळीस जोड चपला

सोलापूर,
१५ जानेवारी २०२६

चि. सौ. राजनंदिनी हिस,
अनेक आशीर्वाद.

काल संक्रांत झाली. तुला तिळगूळ पाठवला नाही, कारण गोड बोलायचं माझ्या मनात नाही. घरी सगळे बरे असतील. महेश्वररावांचा गुडघा कसा आहे ते कळव. आमच्याकडं ठीक. नंदीध्वजांची मिरवणूक यंदा गच्चीवरूनच बघितली, गर्दीत उतरणं आता होत नाही.

तुझा मेसेज मिळाला. शाळेच्या ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत टाकलास. ‘आपल्या अक्का एकट्याच रिसॉर्टला! या वेळी तरी निवांत पाळण्यात बसा.’ त्याखाली अकरा जणी हसल्या. साठीच्या बाईनं एकटीनं पाण्यात खेळायला जाणं म्हणजे हसण्याचीच गोष्ट, त्यांना काय दोष द्यायचा. पण ‘या वेळी तरी’ हे शब्द त्यांच्यासाठी नव्हते. ते माझ्यासाठी होते. मला ते बरोबर पोचले.

फोन करणार होते. पण फोनवर तू मधेच बोलतेस, आणि तू बोलायला लागलीस की समोरच्याला आपलंच चुकलं असं वाटायला लागतं. मुख्याध्यापिका झाल्यापासून तर लईच. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही. दार लावून घे आणि शेवटपर्यंत वाच.

व्हय, गेले होते मी. सहा ते आठ जानेवारी, दोन रात्री. पेन्शन माझी, पाय माझे, कुणाला विचारायचं होतं? बत्तीस वर्षांच्या नोकरीत शाळेच्या सहलीबरोबर त्याच वॉटर पार्कात नऊ वेळा गेले, आणि नऊही वेळा बाकावर बसून पोरींच्या पिशव्या आणि चपला राखल्या. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, बाकीची फॅमिली मागून येतेय का?” म्हटलं, कुणी येत नाही. तिनं परत विचारलं, “मग दुसरा पट्टा कुणाच्या हातात बांधू?” कारण त्यांच्याकडं एकट्या माणसाचं पॅकेजच नाही, दोघांचंच घ्यावं लागतं. म्हटलं, बांध माझ्याच हातात. तीन दिवस दोन पट्टे घालून हिंडले. खोलीत पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवले होते. एक मोडून काठ बघितला. आपल्याकडचाच माल होता. सोलापूरच्या बाईला टॉवेल काय ओळखायला शिकवायचा.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मजा आली. त्या संथ पाण्यात टायरवर पडून गोल गोल फिरले. दुपारी कुणी तरी वाढलेलं जेवले, ताट तिथंच ठेवून उठले. कुणाचं नाक पुसायचं नव्हतं, कुणाची वेणी घालायची नव्हती. पण मी मजेसाठी गेले नव्हते आणि तुला ते माहीत नाही, म्हणून सांगते.

दोन तारखेला पूनम माझ्याकडं आली होती.

तासभर बसली, चहाला तोंड लावलं नाही. “बाई, मी मोजलं होतं. मॅडमनी सांगितलंय तसंच मोजलं होतं,” एवढंच परत परत म्हणत होती. डिसेंबरच्या सहलीत तिच्या वर्गातली चौथीतली पोर साताऱ्याच्या कुठल्या तरी शाळेच्या बसमध्ये चढून बसली. टोलनाक्यावर त्यांच्या सरांच्या लक्षात आलं म्हणून बरं. नशीब त्या पोरीचं. आता पूनमला घरी बसवलंय आणि सोमवारी संस्थेची चौकशी आहे. शिक्षणसेवक म्हणून तिचं तिसरं वर्ष आहे, जूनमध्ये कायम झाली असती. सोमवारी तिच्यावर ठपका आला की जून कसला आणि नोकरी कसली. आणि तू संस्थेला लिहून दिलंस, की मुली डोकी मोजून ताब्यात घ्यायच्या असा शाळेचा नियम आहे, चपला मोजायला आपण कधीच कुणाला सांगितलं नाही.

राजनंदिनी, लाज कशी वाटली नाही तुला?

चपला मोजायची युक्ती कुणाची? पार्कात सगळ्या पोरी भाड्याच्या एकसारख्या पोशाखात, डोक्याला एकसारख्या टोप्या, लाटांच्या पाण्यात एक वर, एक खाली. डोकी मोजताना तीनदा मोजलं तरी तीन आकडे येतात हे मला मान्य आहे. तेव्हा तूच म्हणालीस, “अक्का, पोरी हलतात, चपला हलत नाहीत. ओळीनं काढायला लावायच्या आणि जोड मोजायचे.” सगळ्यांनी वाहवा केली तुझी. मीपण केली. दरवर्षी सहलीच्या आदल्या दिवशी तू नव्या शिक्षिकांना फळ्यावर चपलांच्या ओळी काढून दाखवायचीस. लेखी कुठंच नाही, एवढी हुशार तू आहेसच. पूनमला शिकवलंस तेव्हा मी रिटायर झाले होते, पण ती सांगते ते शब्दसुद्धा तुझेच आहेत.

म्हणून मी तिथं गेले. मला बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी लाटांच्या तलावाजवळ माझ्या चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी चालायला लागले. कॅन्टीनवरून, कपडे बदलायच्या खोल्यांवरून, मोठ्या फाटकातून बाहेर, थेट बसेस उभ्या असतात तिथपर्यंत. कुणी अडवलं नाही. परत आले तर चपला होत्या तिथंच. चपला मोजणाऱ्या बाईनं मला ‘आहे’ म्हणूनच मोजलं असतं. आपल्या सगळ्या सहलींत आपण असंच मोजत आलो. पोरी परत आल्या ते त्यांच्या आईबापांच्या पुण्याईनं.

एकदा आली नाही. ते तुला सांगायला नको, पण मी लिहिणार आहे.

जानेवारी २०१६. पाचवी ब. चव्वेचाळीस मुली. तू मोजलंस, “चव्वेचाळीस जोड, पूर्ण” म्हणालीस, मी वहीत सही केली. आणि सिद्धेश्वरी तेव्हा अनवाणी हायवेला लागलेली होती. दहा वर्षांची पोर. तिला लघवीला जायचं होतं, जागा सापडेना, बसवाल्याला विचारावं म्हणून फाटकाबाहेर गेली आणि बस सापडेना. अडीच तासांनी एका ढाबेवाल्यानं आणून सोडली. तळपायात काच गेली होती, सात टाके पडले.

चौकशीत तिनं सांगितलं, “मी बाईंना विचारायला गेल्ते, बाई तितं नव्हत्या.”

मी सांगितलं, मी चपलांजवळच बसून होते, माझ्या डोळ्यादेखत कुणी गेलं नाही, मुलगी खोडकर आहे आणि खोटं बोलते. तू सांगितलंस, अक्का जागेवरच होत्या, मी बघितलंय. दोन शिक्षिका एका बाजूला आणि कुंभारीच्या विडी कामगाराची पोर एका बाजूला. संपलं. तिची आई फुलाबाई कोपऱ्यात उभी होती. तिनं ऑफिसातच पोरीच्या थोबाडीत मारली. “बाई खोटं कशाला बोलतील गं? तुझ्यापायी बाईंना बोल लागला,” म्हणाली, आणि माझ्या पाया पडली. पोरीचा एक पाय पट्टीत होता, तोल जाऊन ती कपाटावर आपटली. मी तिला उचललं नाही. मी वहीकडं बघत बसले.

वर मी नऊही वेळा बाकावर बसले असं लिहिलंय. ते आठ वाच.

त्या दिवशी मी पाळण्यात बसायला गेले होते. तो मोठा, नावेसारखा झुलणारा. इतकी वर्षं खालून बघत होते. माझ्या बापानं गड्ड्याच्या जत्रेत कधी पाळण्यात बसू दिलं नाही, पोरीच्या जातीनं किंचाळायचं नसतं म्हणून. पुढं लग्न झालं नाही, म्हणजे कुणी हौसेनं नेणारंही नव्हतं. तेव्हा पन्नास वर्षांची होते मी. तू तलावाच्या पलीकडं होतीस, पोरी पाण्यात होत्या, आणि मला वाटलं, जाऊन येऊ, पाच-सहा मिनिटांचा तर प्रश्न. मी उतरत होते तेव्हा तू मला बघितलंस. नंतर मी तुझ्या चपला झाकल्या आणि तू माझा पाळणा झाकलास. यावर आपण एक शब्दसुद्धा बोललो नाही. तू मला अक्का म्हणत राहिलीस, माझ्या निवृत्तीला भाषण केलंस, आणि दहा वर्षांनी ग्रुपवर ‘या वेळी तरी’ लिहिलंस, कारण पूनम माझ्याकडं येईल याची तुला भीती होती. गप्प बस, नाहीतर तुझंही काढीन. हेच ना?

तर ऐक. तिसऱ्या दिवशी मी परत त्या पाळण्यात बसले. बाकावरून उठताना घड्याळ बघितलं. गुरुवार होता, गर्दी नव्हती. चालत गेले, रांगेत उभी राहिले, बसले, उतरले, परत आले. दहा वर्षं मी स्वतःला सहा मिनिटं सांगत आले. देवघरात सांगितलं, झोपताना सांगितलं. सहा मिनिटांत काय होतंय, कुणाचाही डोळा लागतो एवढ्यात. घड्याळात चौतीस मिनिटं झाली होती. सहलीच्या गर्दीत किती झाली असतील ते तूच बघ. ती पोर मला शोधत आली असेल, थांबली असेल, परत तलावाकडं गेली असेल, परत आली असेल. दहा वर्षांच्या पोरीनं आणि किती वाट बघायची?

मला तुझा राग आलाय राजनंदिनी, आणि तो जाणार नाही. पण तुझ्याहून जास्त मला त्या बाकाचा राग आलाय, म्हणजे त्याच्यावर न बसलेल्या बाईचा. पुढच्या वर्षी सिद्धेश्वरीनं आपली शाळा सोडली. ‘खोटं बोलते’ हा शेरा मी माझ्या अक्षरात लिहिलेला होता. दरवर्षी मुलींना सुलेखनाचं बक्षीस देणारं अक्षर. आणि फुलाबाई अजून दिवाळीला शेंगाची चटणी घेऊन येते माझ्याकडं. “बाई, तुमी लई सोसलं आमच्या पोरीपायी,” म्हणते. मी ती चटणी दहा वर्षं खाल्ली. घशाखाली उतरली की, काही अडकली नाही. माणूस असा असतो.

आता डिसेंबरची ती चौथीतली पोर म्हणते, पूनम बाईंनी चपला मोजल्या, मला हाकच मारली नाही. आणि तू तिच्या आईबापांना सांगतेस, मुलगी बावळट आहे, तिला धड आठवत नाही. परत तेच. फरक एवढाच, की या वेळी खोटं बोलायला तुला जोडीदार नाही.

सोमवारी अकरा वाजता मी संस्थेच्या ऑफिसात येणार आहे. मला कुणी बोलावलेलं नाही, तरी येणार. चपला मोजायची रीत कुणी लावली, किती वर्षं चालली, मी किती वेळा त्यावर सह्या केल्या, ते सगळं सांगेन. २०१६ चं पण सांगेन, पाळण्यासकट. ती वही शाळेच्या कपाटात आहे, तू ती आत्तापर्यंत फाडली नसशील तर. फाडली असशील तरी हरकत नाही, माझं तोंड शाबूत आहे. ‘आदर्श शिक्षिका’ म्हणून दिलेली ती पितळी ढाल मी बरोबर आणेन, ती संस्थेनं परत घ्यावी. भिंतीवर फक्त खिळा राहील.

तुझ्या आधी मी बोलू नये असं वाटत असेल तर तुला चार दिवस आहेत. पूनमला कामावर परत घ्या आणि चूक तुझ्या पद्धतीची होती, एवढं लिहून दे. तू लिहिलंस तर मी तुझं नाव घेणार नाही, फक्त माझंच सांगेन. धाकट्या बहिणीसारखी तुला वागवली, एवढी एक सवलत देते. यापुढं देण्यासारखं माझ्याकडं काही नाही.

म्हणशील, अक्का, सोमवारपर्यंत थांबा, भेटून बोलू, मी गाडी पाठवते. गाडी पाठवू नकोस. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा मागं फिरायची वाट माझ्यासाठी बंद झालेली असेल. ती मीच बंद केली आहे, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही. एकदा गप्प बसलेली बाई परत बसू शकते.

महेश्वररावांना नमस्कार.

त्या दिवशी जागेवर नसलेली,
दाक्षायणी

प्रत :
१) पूनम, राजनंदिनीनं लिहून दिलं नाही तर चौकशीत दाखवण्यासाठी.
२) फुलाबाई, मु. कुंभारी. त्यांना वाचता येत नाही. सिद्धेश्वरी वाचून दाखवेल.